तिला रडू द्यायचं नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

चिंगीने आज विचारलं, "बाबा, बारा तारखेला रजा मिळेल का तुम्हाला?"

कशाला म्हणून विचारलं.

"गालाची तारीख आहे. आईने घेतली होती."

तिची आई जाऊन महिनासुद्धा झाला नाही. न्हाणीघरात तिचा कंगवा अजून तसाच आहे, केसांसकट. आणि हिला गालाची पडली आहे.

ही वही ऑफिसातली जुनी, अर्धी कोरी होती म्हणून आणली. घरात बोलायला कोणी उरलं नाही. मी आधीही फार बोलत नव्हतो, पण चिंगीच्या आईला माझं न बोलणं कळायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुणी येऊन गेली. चिंगीच्या आईची थोरली बहीण. आली की आधी चप्पल कुठे काढायची यावर बोलते, मग पंख्यावर, मग मुद्द्यावर येते.

"भाऊजी, राग मानू नका, पण पोर दगडाची आहे तुमची. माझी बहीण गेली तर मी रडून रडून आडवी झाले. हॉस्पिटलातला वॉर्डबॉय मलाच तिची आई समजला. म्हणे, आजी, मुलीला असं रडत निरोप देऊ नका. आणि ही? डोळ्यांत टिपूस नाही!"

"हं," म्हटलं.

"पायाशी उभी होती, ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेते. जवळ गेले तर थांबली. काय पुटपुटत होती कोण जाणे."

मेहुणीला मी फारसं मानत नाही. तिच्या बोलण्यातलं निम्मं वजा करावं लागतं. पण हे मीही पाहिलं आहे. डॉक्टरांनी चादर वर ओढली, तेव्हा चिंगी समोरच्या भिंतीकडे बघत होती. नंतर मला म्हणाली, "बाबा, पाणी प्या." एवढंच.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. एवढ्या वर्षांत कुठल्या दुकानात काटा मारतात ते आत शिरल्याबरोबर कळतं मला. माझ्याच घरात माप कमी भरलं.

८ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं तर 'मुलीचं दुखणं' म्हटलं. दुखणं म्हणजे काय ते सांगायला अर्धा तास लागला असता.

चिंगीच्या उजव्या गालावर जन्मापासून निळसर फुगवटा आहे, डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. गाठ नव्हे. आतल्या शिरा पोटात असतानाच वेड्यावाकड्या आणि सैल झालेल्या, त्यांचा गुंता. एरवी नुसता निळा दिसतो. वाकली, जोर लावला किंवा रडली की त्यात रक्त भरतं आणि गाल वांग्यासारखा होतो.

दोन वर्षांची असताना एकदा ती खूप वेळ रडली. आतलं रक्त साकळलं. गाल खड्यासारखा टणक झाला, ताप चढला. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, कापायला गेलात तर रक्त थांबणार नाही, हात लावू नका. आणि हिला रडू देऊ नका.

तोच घरातला कायदा झाला. तिची आई मागेल ते हातात द्यायची. मला लाड पसंत नव्हते, मी दुसरा उपाय काढला. चिंगीचा ओठ थरथरला की म्हणायचं, सतराचा पाढा म्हण. पाढा म्हणताना रडता येत नाही, सतराचा तर नाहीच. सतरा सक्कं एकशे दोनपर्यंत पोचेतो रडू गेलेलं असायचं. गुडघा फुटो, बाहुली हरवो. शाळेत कोणी 'निळी' म्हणून चिडवो. पुढे सांगावंही लागलं नाही. मास्तर म्हणायचे, मुलीचे पाढे पक्के आहेत. ते श्रेय माझं.

आता ती विजेच्या कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकते. फोनवर, म्हणजे चेहऱ्याचा प्रश्न नाही. लोक दिवसभर तिच्यावर ओरडतात आणि ती म्हणते, "आपली तक्रार नोंदवली आहे." कामाला चांगली आहे म्हणतात.

या नव्या उपचाराचं तिच्या आईने कुठे तरी ऐकलं. कापायचं नाही, सुईने शिरांत औषधाचा फेस सोडायचा. मी नको म्हटलं होतं. इतकी वर्षं निभलं ना? त्यावर दोघींनी मला न विचारता तारीख घेतली. त्यातली एक आता नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर बाई आहेत, वयाने चिंगीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. मला काका म्हणतात. क्ष-किरण लागू नयेत म्हणून शिशाचं जड जाकीट घालून काचेमागे उभं राहायला दिलं.

ती जागी असतानाच केलं. गालापुरती भूल. डॉक्टरांच्या एका हातात सोनोग्राफीचं यंत्र, पडद्यावर गालाच्या आतल्या काळ्या पोकळ्या दिसत होत्या. सुई आत गेली. मग डॉक्टरांनी औषधाची एक सिरिंज आणि हवेची एक सिरिंज एका छोट्या तोटीला दोन बाजूंनी जोडली, आणि औषध इकडून तिकडे, तिकडून इकडे भराभर ढकललं. बघता बघता पाण्यासारखं औषध दाढीच्या साबणासारखं पांढरं झालं. फेस लगेच विरतो म्हणून थांबायला वेळ नसतो. सिस्टर चिंगीच्या नाकाच्या मुळाशी बोट दाबून उभी होती. फेस डोळ्याच्या शिरेकडे जाऊ नये म्हणून. फेस आत गेला तसा पडद्यावरचा काळा भाग पांढरा होत गेला. फेस रक्त पुढे सारतो आणि शिरेच्या आतल्या अस्तराला पकडतो. मग शीर आतून चिकटते, आक्रसते. सगळं एकदम होत नाही. तीनदा यावं लागेल.

"दुखतंय का गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग ओठ कशाला हलवतेस? सुई आहे आत."

ओठ थांबले. डोळे उघडे होते. कोरडे.

नंतर डॉक्टरांनी बजावलं, "चार-पाच दिवस सूज वाढेल, घाबरायचं नाही. डोकं उंच ठेवून झोप. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, रडणं-ओरडणं काही नको. गालावर जोर आला नाही पाहिजे."

"रडायचं नाही ते मला येतं, डॉक्टर," चिंगी म्हणाली.

डॉक्टर हसल्या. मला ते आवडलं नाही. आई जाऊन महिना झाला आणि मुलगी त्यावर विनोद करते.

१५ फेब्रुवारी, रविवार

गाल दुप्पट झाला आहे. डोळा मिटला. चिंगी उशांना टेकून बसून असते आणि मी भात पातळ करून देतो, तो चमच्याने ओठाच्या चांगल्या बाजूने आत सारते.

मेहुणी बघायला आली. दारातूनच, "अगं बाई! होतीस तशी काय वाईट होतीस!"

चिंगी म्हणाली, "मावशी, हसवू नकोस. हसायलाही बंदी आहे."

"मी कुठे हसवतेय? मला तर भीती वाटतेय तुझ्याकडे बघून."

"मग डाव्या बाजूला बस."

मेहुणी खरंच उठून डाव्या बाजूला बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी भांडी घासली.

संध्याकाळी चिंगी म्हणाली, "आई असती तर आरसा झाकून ठेवला असता तिने."

मी म्हटलं, "आई असती तर." आरसा मी झाकला नाही. तिने सांगितलं नव्हतं.

४ मार्च, बुधवार

सूज उतरली. गाल पूर्वीपेक्षा सपाट दिसतो, निळा रंगही फिका झाला. बोट लावलं तर आत दोरीसारखं कडक लागतं म्हणे. बंद झालेल्या शिरा. डॉक्टर खूश आहेत.

आज एका किराणावाल्याचा तराजू जप्त केला. तो म्हणाला, "साहेब, तराजूत खोट नाही. तुम्ही आलात तेच तोंड वाकडं करून." बरोबरचा शिपाई हसला. पूर्वी असलं काही घरी येऊन सांगायचो. तिची आई आधी दुकानदाराची बाजू घ्यायची आणि मग चहा टाकायची.

घरी आलो तर चिंगी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि हसत होती. खळखळून. मी बूट काढून तसाच बाहेर बसलो. दोन महिनेही झाले नाहीत. चांगल्या गालासाठी माणूस काय काय विसरतं.

२२ मार्च, रविवार

तिच्या आईचे कपडे आवरायला मेहुणी आली होती. चिंगीने एकेक कपडा काढला, नीट घडी घातली, हे मावशीला, हे कामवालीला, असे गठ्ठे केले. ऑफिसातल्यासारखं. एक जुना स्वेटर मात्र तिने कुठल्याच गठ्ठ्यात ठेवला नाही. स्वतःच्या खोलीत नेऊन टाकला. फाटका आहे, कोपराला भोक आहे. तो कशाला हवा, कळलं नाही.

ती चहा करायला गेल्यावर मेहुणी डोळे पुसत म्हणाली, "बघितलंत? हात थरथरला नाही पोरीचा."

मी म्हटलं, "मी काय बोलणार?"

त्यावर ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही हो? तुमच्या डोळ्यांना कोणी बूच मारलंय?"

"कुणीतरी उभं राहायला हवं होतं. कागद होते, गाडी बोलवायची होती."

"हो ना. दोघंही उभेच राहिलात. बाप तशी लेक."

माझी आणि तिची तुलना होऊ शकत नाही. मी पुरुष आहे, आणि माझं आत काय होतं ते माझं मला माहीत. पण मेहुणीशी वाद घालणं म्हणजे उघड्या तोटीखाली भांडं भरायचं थांबवण्यासारखं आहे. चहा आला, विषय संपला.

२६ मार्च, गुरुवार

दुसऱ्यांदा फेस दिला. या वेळी ओठाच्या कोपऱ्याजवळ. तिथली कातडी पातळ आहे, फोड येऊ शकतो, जपा, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. गालावर पट्टी घट्ट बांधली आहे. चिंगीला नीट बोलता येत नाही. मला बोलावं लागत नाही.

२८ मार्च, शनिवार

काय झालं ते लिहून ठेवतो.

दुपारी चिंगीने विचारलं, "बाबा, माझा फोन बंद पडलाय. आईचा घेऊ?"

"नको."

"नुसता पडून आहे."

"राहू दे पडून."

"बाबा, मी त्यातलं काही पुसणार नाही. मला फक्त..."

मला ते 'पडून आहे' सहन झालं नाही. म्हटलं, "तुला काय, सगळं पडलेलंच दिसतं. आई पडली होती तेव्हाही भिंतीकडे बघत उभी होतीस. तिच्यासाठी एक टिपूस काढलास का डोळ्यांतून? एक?"

इतकं मी वर्षभरात बोललो नसेन.

चिंगीने माझ्याकडे बघितलं. मग तिचे ओठ हलायला लागले. सुजलेले होते, शब्द फुटत नव्हते, तरी मला ऐकू आलं. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक. तिथे अडकली. पुन्हा म्हणाली, सतरा त्रिक. चोवीस वर्षांची मुलगी. बाप काय विचारतोय आणि ही पाढे म्हणतेय.

मग तिला रडू फुटलं.

तो आवाज मी ओळखला नाही. आधी वाटलं, खालच्या मजल्यावर काही घासतंय. रडायची सवय नसलेल्या माणसाचं रडणं वेगळंच असतं, मध्ये श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. गाल माझ्यादेखत भरला. पट्टीच्या कडा कातडीत रुतल्या, वरचा भाग निळा, मग जांभळा झाला.

मी म्हटलं, "पुरे. चिंगी, पुरे आता. गाल."

ती म्हणाली, "आता पुरे?"

मी बर्फ आणला. तिने हातातून घेतला आणि खोलीत गेली.

३० मार्च, सोमवार

ओठाजवळची कातडी काळी पडून फुटली. चण्याएवढी जखम. सकाळीच डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, "जोर आला होता का गालावर? काही झालं होतं?"

मी भिंतीवरच्या शिरांच्या चित्राकडे बघत होतो.

"शिंका आल्या," चिंगी म्हणाली. "लागोपाठ."

"हं. नुसत्या शिंकांनीच झालं असेल असंही नाही. औषध कातडीच्या जवळ गेलं तरी होतं असं, इथे पातळच असते. भरेल. व्रण मात्र राहणार, ते आत्ताच सांगते."

"चालेल."

परत येताना तिच्याशी बोलावंसं वाटलं. काय बोलायचं ते ठरेपर्यंत घर आलं.

डॉक्टर स्वतःच म्हणाल्या, एरवीही होतं. मी नीट ऐकलं आहे.

१९ एप्रिल, रविवार

जखम भरत आली. मलमपट्टी चिंगी स्वतः करते. मी एकदा कापूस हातात घेतला होता, "राहू द्या, मला जमतं" म्हणाली.

भांडण असं काही नाही. मीठ द्या, दिवा बंद करते, कामवाली उद्या येणार नाही, हे सगळं बोलते. आवाज अगदी चांगला असतो. फोनवर लोकांशी बोलताना असतो तसाच. काल मी म्हटलं, भाजी खारट झाली आहे. म्हणाली, "हो का? पुढच्या वेळी लक्षात ठेवते." मला क्षणभर वाटलं, आता म्हणेल, आपली तक्रार नोंदवली आहे.

तिच्या आईचा फोन मी स्वतःहून चार्ज करून तिच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो परत कपाटात होता. तिने नवीन घेतला आहे.

१४ मे, गुरुवार

तिसरा फेस. मी रजा मंजूर करून घेतली होती. सकाळी आवरून बाहेर आलो तर चिंगी म्हणाली, "तुम्ही कशाला रजा घेतलीत, बाबा? मावशी येतेय माझ्याबरोबर."

"मावशीला काय कळतं त्यातलं?"

"काहीच नाही," चिंगी म्हणाली. "म्हणूनच."

दिवसभर घरी बसलो. दुपारी मेहुणीचा फोन. "झालं हो भाऊजी, छान झालं! मला त्यांनी ते शिशाचं जाकीट घातलं, मी तर खालीच बसले. मलाच पाणी दिलं आधी. पोर हसली. आणि भाऊजी, ऐका ना, परत येताना रिक्षात तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. काही बोलली नाही, नुसतं ठेवलं. मी मेली, पोरीला दगड म्हणत होते."

"रिक्षात मान वाकडी करायची नसते. सूज येते," मी म्हटलं.

मेहुणी थोडा वेळ बोलली नाही. हे तिच्या बाबतीत प्रथमच. मग म्हणाली, "ठेवते."

७ जून, रविवार

गाल सपाट झाला आहे. कानाजवळ थोडी निळी छटा आणि ओठाच्या कोपऱ्यात व्रण, बाकी अनोळखी माणसाला काही कळणार नाही. परवा डॉक्टरांनी मोकळीक दिली. वाक, धाव, हस, रड, काय हवं ते कर. सहा महिन्यांनी दाखवून जा. हेही मला मेहुणीकडून कळलं.

आज दुपारी जेवण झाल्यावर चिंगी तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर पेपर वाचत होतो. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. मार्चमध्ये होता तसा नव्हता. आता तिला जमतं. मध्येच "आई गं" म्हणत होती. आणखीही काही बोलत होती, ते मला ऐकू येऊ नये इतक्या हळू. जणू आई समोरच बसली आहे आणि हिला दिवसभरातलं सगळं सांगायचं आहे.

हेच मला हवं होतं. पाच महिने याचीच वाट पाहत होतो. मी उठून दार वाजवलं.

"चिंगी."

"काही नाही बाबा. तुम्ही बसा."

"गालाला..."

"गालाला काही होत नाही आता. तुम्ही बसा बाहेर."

मी खुर्ची दाराजवळ ओढून बसलो. मला वाटलं, मलाही येईल. आजूबाजूला कोणी नव्हतं, कुठली गाडी बोलवायची नव्हती. मी चिंगीच्या आईचा चेहरा आठवला, शेवटचा आणि मग लग्नातला. डोळ्यांत काही आलं नाही.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. तोंड धुतलेलं, डोळे लाल, दोन्ही गाल सारखे. दाराजवळ खुर्ची बघून थांबली.

मी म्हटलं, "मला हाक मारायचीस."

"कशाला?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

एवढं विचारून ती स्वयंपाकघरात गेली. दोन कप चहा केला. माझा माझ्यासमोर आणून ठेवला, स्वतःचा घेऊन आत गेली आणि दार लावलं.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज सुरू झाला. तिचा चहा गार होईल असं मनात आलं. सांगायला उठलो, आणि परत बसलो.